नवी परिचारिका आणि वॉर्डातील असुरक्षित, अनैतिक सेवा: सोलापुरातील परिचारिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरातील आणि जिल्ह्यातील परिचर्या महाविद्यालयांतून जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग पूर्ण केलेल्या मुली आणि मुले सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, सहकारी व धर्मादाय रुग्णालयांत आणि दहा-वीस खाटांच्या खासगी दवाखान्यांत रुजू होतात, तेव्हा शिकलेली पद्धत आणि वॉर्डात प्रत्यक्ष चाललेली पद्धत यांतील अंतर त्यांना फार लवकर दिसू लागते. त्याविषयी कोणाला विचारावे, कितपत बोलावे आणि बोलल्यावर नोकरीचे काय होईल, या शंकांची उत्तरे येथे दिली आहेत.

जे मला चुकीचे वाटते ते खरोखर चुकीचे आहे की केवळ वेगळे आहे, हे कसे ओळखावे?

प्रत्येक वेगळी पद्धत धोकादायक नसते. ड्रेसिंगची ट्रॉली लावण्याचा क्रम, ओव्हर देण्याची (पुढच्या पाळीकडे काम सोपवण्याची) रीत किंवा रजिस्टरांचे रकाने प्रत्येक रुग्णालयात निराळे असतात आणि त्यांवरून वाद घालण्यात अर्थ नाही. प्रश्न असा विचारावा की या पद्धतीमुळे समोरच्या रुग्णाला इजा होऊ शकते का, त्याची फसवणूक होते का, किंवा त्याच्या संमतीशिवाय त्याच्यावर काही केले जाते का. आणखी एक कसोटी आमच्या मते सर्वांत उपयोगी आहे: जे करायला सांगितले जात आहे ते केसपेपरवर स्वतःच्या सहीने लिहायला सांगणारी व्यक्ती तयार आहे का? तोंडी आदेश देणारी व्यक्ती लिहिण्याचे नाव काढताच चिडत असेल, तर तेथे थांबून विचार करणे योग्य ठरते.

चूक आहे हे ठरल्यावरही तिचे कारण पाहावे लागते, कारण उपाय त्यावर अवलंबून असतो. मनुष्यबळ कमी असल्यामुळे जे राहून जाते, त्यासाठी माणसे मागावी लागतात; वर्षानुवर्षांच्या सवयीमुळे जे चुकते, ते बहुधा शिकवून आणि दाखवून सुधारते; परंतु पैशासाठी किंवा लपवाछपवीसाठी जे केले जाते, त्याला समजावणीचा उपयोग होत नाही आणि तेथे लेखी तक्रारच करावी लागते.

रात्रपाळीत तापमान, नाडी, रक्तदाब न मोजता चार्ट भरण्याची पद्धत आहे. मलाही तसेच करायला सांगतात. काय करावे?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि तो किरकोळ समजला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत. पहाटे चार वाजताचे टीपीआर (तापमान, नाडी, श्वसनदर) रात्री अकरालाच भरून ठेवणे, प्रत्येक रुग्णाचा श्वसनदर वीसच लिहिणे, आधीच्या पाळीचा आकडा एखाद-दोन अंकांनी बदलून उतरवणे, या गोष्टी अनेक वॉर्डांत इतक्या रुळलेल्या असतात की त्यांना कोणी खोटेपणा म्हणत नाही. प्रत्यक्षात रुग्णाची प्रकृती ढासळू लागल्याची पहिली खूण बहुधा श्वसनदर वाढण्यात आणि नाडी जलद होण्यात दिसते आणि रक्तदाब त्यानंतर खाली येतो. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा शस्त्रक्रियेनंतर पोटात होणारा रक्तस्राव वेळेत ओळखण्याचे साधन म्हणजे हेच चार-पाच आकडे असतात. ते काल्पनिक असतील, तर सकाळच्या फेरीत डॉक्टर चार्ट पाहतात आणि रुग्ण ठीक आहे असे समजून पुढे जातात. औषध देण्यातली चूक निदान कोणाच्या तरी लक्षात येण्याची शक्यता असते, खोट्या नोंदीत ती शक्यताच बुजवली जाते.

सर्व रुग्णांचे मोजमाप ठरल्या वेळी शक्य नसेल, तर ज्यांची प्रकृती गंभीर आहे, ज्यांची आजच शस्त्रक्रिया झाली आहे आणि ज्यांना रक्त चढत आहे त्यांच्यापासून सुरुवात करावी. जे मोजले तेच आणि ज्या वेळी मोजले तीच वेळ लिहावी. जे राहिले, तेथे रकाना रिकामा ठेवून परिचारिका नोंदीत कारण लिहावे, उदाहरणार्थ, "पहाटे ४ ते ५ या वेळेत खाट क्र. १२ वरील रुग्णाच्या पुनरुज्जीवनाचे काम सुरू असल्याने इतर रुग्णांचे मोजमाप ५.३० वाजता केले." रिकाम्या रकान्यासाठी इन्चार्ज सिस्टर बोलतील हे खरे आहे, मात्र त्या बोलण्याला उत्तर देता येते, मृत रुग्णाच्या चार्टवरील सुरेख आकड्यांना देता येत नाही. लिहिलेले खोडायचे असल्यास एक आडवी रेघ मारून वेळ व सही करावी. पांढरी शाई लावू नये आणि नंतर आठवलेली गोष्ट मागच्या ओळींत घुसडू नये. ती "उशिरा केलेली नोंद" असे स्पष्ट लिहून पुढे घ्यावी.

डॉक्टर फोनवर औषध सांगतात आणि नंतर सही करत नाहीत. मात्रा चुकीची वाटली तर नकार देता येतो का?

देता येतो आणि कधीकधी द्यावाच लागतो. आणीबाणीत फोनवरील आदेश टाळता येत नाही, परंतु तो घेण्याची पद्धत ठरलेली आहे: रुग्णाचे नाव, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ लिहून घ्यावी, लिहिलेले डॉक्टरांना परत वाचून दाखवावे, शक्य असल्यास दुसऱ्या परिचारिकेलाही फोनवर ऐकायला लावावे, दोघींनी सही करावी आणि डॉक्टर वॉर्डात येताच त्यांची सही घ्यावी. जेथे सही नियमितपणे टाळली जाते, तेथे नोंदवहीत डॉक्टरांचे नाव व फोनची वेळ तरी अवश्य लिहावी.

काही औषधांच्या बाबतीत शंकेला जागाच ठेवू नये. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत ढकलल्यास हृदय बंद पडू शकते. इन्सुलिनच्या बाबतीत आपल्याकडे दर मिलिलिटरला ४० युनिटच्या व्हायल आणि १०० युनिटची कार्ट्रिज, तसेच दोन प्रकारच्या सिरिंज एकाच कपाटात असतात. ४० च्या सिरिंजने १०० चे इन्सुलिन भरल्यास सांगितलेल्या मात्रेच्या अडीच पट औषध जाते आणि रात्री झोपलेला रुग्ण साखर उतरल्याचे सांगूही शकत नाही. हेपॅरिन आणि मॅग्नेशियम सल्फेट हीदेखील दोघींनी तपासून द्यायची औषधे आहेत.

नकार देताना स्वर कसा असावा, हेही विचारले जाते. "हे मी देणार नाही" असे म्हणण्यापेक्षा "सर, ही मात्रा मला जास्त वाटते, आपण केसपेपरवर लिहून द्याल का, की मी आरएमओंना विचारून घेऊ?" असे म्हटल्यास बहुतेक वेळा डॉक्टर स्वतःच पुन्हा विचार करतात. तरीही आग्रह झाला, तर औषध न देता आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) आणि इन्चार्ज यांना कळवावे आणि कळवल्याची वेळ लिहावी.

"डॉक्टरांनी सांगितले म्हणून मी केले" एवढे उत्तर कायद्याला पुरेसे आहे का?

नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली परिचारिका ही स्वतंत्र व्यावसायिक असते आणि तिच्या कृतीची जबाबदारी तिच्यावरही येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडल्यास ही मर्यादा दोन वर्षांची आहे. परंतु त्या कलमातील व्याख्या वैद्यकीय पदवी असलेल्या आणि वैद्यक नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीपुरती आहे, परिचारिका तिच्यात बसत नाही. ही तफावत अन्यायकारक आहे असे आमचे मत आहे, परंतु ती आहे तोवर दुसऱ्याच्या तोंडी शब्दावर विसंबून राहणे परिचारिकेला अधिक महागात पडणारे आहे.

एकदा वापरायच्या सिरिंज व सलाईनचे संच पुन्हा वापरले जातात, सुया कुठेही टाकल्या जातात. हे कुठे सांगावे?

सुई बदलून सिरिंज तीच ठेवली, तरी हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही पसरण्याचा धोका राहतो, त्यामुळे येथे तडजोडीला जागा नाही. बहु-मात्रा व्हायलमध्ये प्रत्येक वेळी नवी सिरिंज व नवी सुई वापरावी आणि व्हायल उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार रक्त लागलेला कापूस व ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, सलाईनचे संच, नळ्या व हातमोजे लाल पिशवीत, सुया व पाती पांढऱ्या न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात आणि काचेच्या व्हायल निळ्या खुणेच्या डब्यात जायला हव्यात. वॉर्डातील मामा-मावशींना कचरा उचलताना सुई टोचते, तेव्हा ती सुई कोणीतरी शिकलेल्या माणसाने तेथे टाकलेली असते. आधी इन्चार्ज व संसर्ग नियंत्रण परिचारिका यांना लेखी कळवावे. दाद न लागल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करता येते.

स्वतःला सुई टोचल्यास जखम दाबून रक्त काढू नये, साबण-पाण्याने धुवावी आणि ताबडतोब कळवावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात व २८ दिवस घ्यावी लागतात. खासगी दवाखान्यात "काही होत नाही" असे सांगून वेळ घालवला जात असेल, तर सरळ सिव्हिल हॉस्पिटल गाठावे.

लेबर रूममध्ये बाईला मारले जाते, ओरडले जाते, पोट दाबले जाते. नवी मुलगी म्हणून मी काय करू शकते?

कळा देणाऱ्या स्त्रीच्या मांडीवर चापट मारणे आणि तिच्या गरोदरपणावरून अश्लील टोमणे मारणे याला "तिच्या भल्यासाठी" म्हणण्याची जुनी सवय आहे. ही हिंसा आहे आणि शासनाचा लक्ष्य कार्यक्रम २०१७ पासून प्रसूतिकक्षात सन्मानपूर्वक वागणुकीचा आग्रह धरतो. बाळ बाहेर यावे म्हणून पोटावर वरून जोर देण्याला जागतिक आरोग्य संघटनेने विरोध केला आहे, कारण त्यातून गर्भाशय फाटण्याचा आणि आईच्या अवयवांना इजा होण्याचा धोका असतो.

ऑक्सिटोसिनबद्दल विशेष सावध असावे. बाळ जन्मल्यानंतर मिनिटभरात स्नायूत दिलेले १० युनिट रक्तस्राव रोखते आणि ते दिलेच पाहिजे. तेच इंजेक्शन प्रसूती लवकर उरकावी म्हणून बाळ जन्मण्यापूर्वी स्नायूत दिले, तर कळांवर नियंत्रण राहत नाही आणि बाळ गुदमरू शकते. कळा वाढवायच्याच असतील तर डॉक्टरांच्या लेखी आदेशाने, सलाईनमधून, थेंब मोजून आणि बाळाचे ठोके वारंवार ऐकत.

नव्या मुलीला ज्येष्ठ सिस्टरचा हात धरता येत नाही हे आम्ही जाणतो. परंतु बाईच्या उशाशी उभे राहणे, तिचा हात हातात घेणे, कळ आली की तिच्याशी तिच्या भाषेत बोलणे हे करता येते, आणि जिच्या शेजारी कोणी उभे आहे तिच्यावर हात उचलला जाण्याचे प्रमाण कमी होते, असा अनेकींचा अनुभव आहे. वारंवार घडणारा प्रकार मेट्रन (रुग्णालयातील परिचारिकांच्या प्रमुख) यांना दिनांक व वेळेसह लेखी द्यावा.

संमतिपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायला सांगतात. रुग्णाला काहीच समजावलेले नसते.

सही करू नये. साक्षीदाराच्या सहीचा अर्थ असा की रुग्णाला माहिती दिली गेली आणि त्याने स्वेच्छेने होकार दिला, हे आपल्यासमोर घडले. समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय सांगून घेतलेली संमतीच ग्राह्य असते आणि निदानासाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही.

सोलापुरात हा प्रश्न भाषेमुळे अधिक गंभीर होतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि सीमेपलीकडील विजयपूर, कलबुर्गीकडून येणारे रुग्ण कन्नड बोलतात, शहराच्या पूर्व भागातील विडी कामगार स्त्रिया घरात तेलुगू बोलतात, आणि मराठीतील छापील कागदावर त्यांचा अंगठा घेतला जातो. येथे नवी परिचारिका खरोखर उपयोगी पडू शकते: तिला कन्नड किंवा तेलुगू येत असेल तर डॉक्टरांसमोर दुभाषी म्हणून बोलावे, येत नसेल तर ती भाषा बोलणाऱ्या सहकाऱ्याला बोलवावे, आणि कोणत्या भाषेत कोणी समजावले हे संमतिपत्रावरच लिहून घ्यावे.

एका पाळीत चाळीस रुग्ण असतील तर सुरक्षित सेवा द्यायची कशी?

देता येत नाही, आणि हे मान्य करून त्याची नोंद करणे हाच पहिला उपाय आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक, म्हणजे प्रत्येक पाळीत नऊ खाटांमागे एक परिचारिका असावी आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक. प्रत्यक्षातील आकडा प्रत्येकीला माहीत आहे, आणि आषाढीच्या काळात पंढरपूरला कर्मचारी पाठवले गेले की तो आणखी बिघडतो. पाळी सुरू होताच रुग्णसंख्या, गंभीर रुग्णांची संख्या आणि हजर परिचारिकांची संख्या ओव्हरच्या वहीत लिहून मेट्रन कार्यालयाला कळवावी. पुढे काही घडल्यास चौकशी एका परिचारिकेपाशी थांबू नये यासाठी ही नोंद लागते.

न दिलेली औषधे बिलात लावतात, योजनेतील रुग्णाकडून पैसे घेतात.

जे इंजेक्शन दिले नाही त्याची नोंद औषध तक्त्यावर करू नये, कारण खोट्या बिलाचा पुरावा त्या तक्त्यातूनच तयार केला जातो आणि त्यावर सही परिचारिकेची असते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील मान्य उपचारांसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. नातेवाइकांना रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे पाठवावे.

कोणत्या गोष्टींत गप्प बसण्याची मुभाच नाही?

अठरा वर्षांखालील मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणे हा गुन्हा आहे आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. लग्न झालेली, पोटुशी आलेली सोळा वर्षांची मुलगीही यात येते. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव व ओळख तिच्या व पालकांच्या विनंतीवरून डॉक्टरांना गुप्त ठेवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे, म्हणून अशा मुलीला हाकलून दिले जाऊ नये यावर लक्ष ठेवावे. गर्भलिंग निदान हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. सोनोग्राफीच्या खोलीतून खाणाखुणा करणे किंवा सोनोग्राफीच्या नोंदीचा एफ फॉर्म खोटा भरणे यात सहभागी होऊ नये.

याउलट, रुग्ण एचआयव्हीबाधित असल्याचे खाटेवर किंवा केसपेपरच्या बाहेरील बाजूस लाल शाईने लिहिणे बंद केले पाहिजे. २०१७ च्या कायद्याने ही माहिती गोपनीय आहे, आणि हातमोजे प्रत्येक रुग्णासाठी घालायचे असतात.

तक्रार कोणाकडे आणि कोणत्या क्रमाने करावी?

रुग्णाला आत्ता धोका असेल तर तक्रारीचा विचार नंतर. आधी आरएमओ किंवा ऑन-कॉल डॉक्टरांना बोलवावे. त्यानंतर इन्चार्ज सिस्टर, मेट्रन आणि वैद्यकीय अधीक्षक असा क्रम ठेवावा आणि दुसऱ्या पायरीपासून अर्ज लेखी देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्जात मत नको, घटना हवी: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या खाटेवर, काय पाहिले, कोणाला सांगितले, काय उत्तर मिळाले.

रुग्णालयाबाहेर जायचे झाल्यास, परिचारिकेच्या वर्तनासाठी महाराष्ट्र परिचर्या परिषद, डॉक्टरांच्या वर्तनासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद, शहरातील खासगी रुग्णालयाच्या नोंदणीसंबंधी सोलापूर महापालिकेचा आरोग्य विभाग आणि ग्रामीण भागात जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा असे मार्ग आहेत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत करावी. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या दवाखान्यातील स्त्रीने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. शासकीय सेवेतील परिचारिकांनी थेट वृत्तपत्राकडे जाणे टाळावे, कारण १९७९ चे वर्तणूक नियम त्यांना लागू असतात.

केसपेपरचा किंवा रुग्णाचा फोटो मोबाइलवर काढून व्हॉट्सॲपवर टाकू नये. त्याने रुग्णाची गोपनीयता भंगते आणि मूळ प्रकार बाजूला राहून चौकशी फोटो काढणारीचीच होते. स्वतःच्या वहीत रुग्णाचे नाव न लिहिता दिनांक, पाळी आणि घटना त्याच दिवशी टिपून ठेवावी.

बोलल्यामुळे नोकरी जाईल का? कायदा संरक्षण देतो का?

खासगी रुग्णालयातील परिचारिकेला या बाबतीत फारसे कवच नाही, हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. जागल्यांच्या (गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणासाठी २०१४ मध्ये संसदेने कायदा मंजूर केला, परंतु तो अमलात आणलेला नाही, आणि त्याचा रोखही सार्वजनिक सेवकांच्या गैरव्यवहारावर आहे. रुग्णालयातील चोरी उघड करण्याची भाषा केलेल्या परिचारिकेवर कसा सूड उगवला जाऊ शकतो, हे १९७३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग यांच्यावर झालेल्या हल्ल्याने दाखवून दिले. म्हणून कोणाला एकट्याने धमकावू नये, "मी तुझी तक्रार करणार आहे" असे आधी सांगू नये, शक्य असेल तेव्हा दोघी-तिघींनी मिळून अर्ज करावा आणि रात्रपाळीत वाद टाळावा.

रुजू होतानाच काही काळजी घ्यावी. मूळ प्रमाणपत्रे आणि परिषदेचे नोंदणीपत्र रुग्णालयात जमा करू नये, साक्षांकित प्रती द्याव्यात, नेमणूकपत्र लेखी घ्यावे आणि पगार बँकेत मागावा, म्हणजे पुढे अनुभवाचा दाखला अडवला गेला तरी काम केल्याचा पुरावा आपल्याकडे राहतो.

सोडून जाणे म्हणजे पळ काढणे आहे का?

नाही. घराचे हप्ते, आई-वडिलांचा खर्च आणि पहिली नोकरी या गोष्टी खऱ्या आहेत आणि प्रत्येकीने प्रत्येक ठिकाणी लढावे अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. लेखी कळवूनही खोट्या नोंदी करण्याची सक्ती होत असेल, तर दुसरी नोकरी पाहून, नियमाप्रमाणे नोटीस देऊन, कार्यमुक्तीचे पत्र घेऊन बाहेर पडावे. राजीनाम्यात आरोप लिहिण्याची गरज नाही. तक्रार करायची असल्यास ती स्वतंत्र अर्जाने करावी, आणि ती नोकरी सोडल्यानंतरही करता येते.